सीपीयू म्हणजे पेटी नव्हे

गणराजने उभ्या हयातीत संगणकाच्या पेटीला कधी ‘सीपीयू’ म्हटले नव्हते. एकदाच म्हटले, तेही आईला समजायला सोपे जावे म्हणून, आणि तेवढ्यावर सगळा ग्रंथ आटोपला.

टेबलाखालच्या त्या लोखंडी पेटीला अवघा महाराष्ट्र सीपीयू म्हणतो. शाळेतले शिक्षक म्हणतात, बँकेतले साहेब म्हणतात, निविदा काढणारी खाती तर छापून म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटात बसवलेली, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी चौकोनी चिप. आकडेमोड ती करते, बाकीचे सगळे तिच्या सेवेला असते. पेटीला सीपीयू म्हणणे हे माणसाच्या देहाला मेंदू म्हणण्यासारखे आहे, आणि ज्यांना हा फरक कळत नाही त्यांच्या बाबतीत दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी ठरतात, असे गणराजचे मत होते. हे मत त्याने कधी लपवून ठेवले नाही. परिणामी त्याला मित्र फार नव्हते.

चाकणच्या एका कारखान्यात, जिथे मोटारींच्या दारांच्या कड्या बनत, तिथे तो संगणक विभागाचा प्रमुख होता. वय पन्नाशीच्या अलीकडे, चष्मा जाड, लग्न झालेले नाही. हाताखाली बंटी नावाचा एक तरुण इंजिनिअर. नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला गणराज मुलाखतीत एकच प्रश्न विचारी: वीज गेल्यावर प्रोसेसरमध्ये काय उरते? बहुतेक जण गडबडून काहीतरी इंग्रजी बडबडत. बंटी तेवढा म्हणाला होता, “काहीच नाही, सर. तो सगळं विसरतो.” त्याच दिवशी त्याची नेमणूक झाली.

कॅन्टीनमध्ये जेवताना बंटीला रोज काही ना काही ऐकावे लागे.

“नवा लॅपटॉप उघडून बघितलास? मेमरी बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली. बदलायची सोय नाही. उद्या वाढवायची झाली तर काय करायचं?”

“नवा घ्यायचा, सर.”

“हेच. आणि काल एक खेळ विकत घेतला. डबा नाही, सीडी नाही, पुस्तिका नाही. आधी खातं उघडा, मग फोन नंबर द्या, मग रात्रभर डाउनलोड. सकाळी सांगतो, अपडेट आलंय.”

“तुमच्या काळात कसं होतं, सर? कोळसा घालायचा ना मागून?”

“आमच्या काळात बटन दाबलं की चालू व्हायचं.”

“आणि चालू झालं की पडदा निळा व्हायचा,” बंटी ताक ओतत म्हणाला. “माझे काका सांगतात.”

गणराजला हसू येई, पण ते तो डाळीत बुडवून टाकी. आपण घेतो ती कोणतीही वस्तू आपली नसते, ही शिकवण या भूमीत पूर्वी फुकट मिळत असे. आता कंपन्या तिचे मासिक भाडे घेतात, एवढाच फरक. त्याचा संताप थंड होता. तो आरडाओरडा करत नसे. एखाद्या चुकीच्या वाक्यावर, पाहुण्याने चादरीवर सांडलेल्या चहाकडे पाहावे तशा नजरेने, तो नुसता पाहत राही.

या सगळ्या कुरकुरीच्या मुळाशी चिंचवड स्टेशनामागची एक गल्ली होती.

गणराजचे वडील दत्तोबा परभणीकडून आलेले. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली, आणि तो बंद पडला तेव्हा त्यांनी त्या गल्लीत मुलाला सायबर कॅफे काढून दिला. दहा संगणक, सगळे गणराजने हाताने जोडलेले. दिवसा लोक रेल्वेची तिकिटे काढायला आणि निकाल पाहायला येत. संध्याकाळी कंपन्यांची पहिली पाळी सुटली की पोरे येत, आणि पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा खेळ रंगे. दारात स्टुलावर दत्तोबा बसत. आत सरस्वती आहे, चपला काढून जा, एवढे एकच वाक्य त्यांना बोलायचे असे, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे न कंटाळता बोलले. आत शिव्यांची लाखोली चाललेली आणि दाराबाहेर देवळासारखी चपलांची रांग. पोरे त्यांना आण्णा म्हणत. गणराजही आण्णाच म्हणे.

त्या खेळात आपले मैदान आपल्याला रचता येत असे. त्याला पोरे मॅप म्हणत. संघर्ष नावाचा गणराजचा जिवलग मित्र होता, त्याच्या डोक्यातून निघाले की परदेशातली वाळवंटे आणि गोदामे कशाला, आपण आपली गल्लीच करू. एका नातेवाइकाचा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणून संघर्षने गल्लीतल्या प्रत्येक भिंतीचा, शटरचा, पाटीचा फोटो काढला. ते फोटो त्यांनी खेळातल्या भिंतींवर डकवले. सारा पावसाळा त्यात गेला, पण गल्ली उभी राहिली: कोपऱ्यावर पिठाची गिरणी, अंबूबाईचे बांगड्यांचे दुकान, सायकलवाला, आणि शेवटी कॅफेची दर्शनी भिंत. तिचा फोटो काढताना आण्णांना बाजूला व्हायला सांगायचे राहिले होते. त्यामुळे खेळातल्या भिंतीवर आण्णा कायमचे बसले. एक पाय स्टुलाच्या दांडीवर, हातात घडी घातलेले वर्तमानपत्र, शेजारी चपला. सपाट, भिंतीला चिकटलेले, पण तेच. पोरांनी आपसांत नियम केला की आण्णांच्या भिंतीवर गोळी मारायची नाही. ज्याची लागेल त्याने सगळ्यांचा चहा आणायचा.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि कॅफे ओस पडला. आण्णा गेले. मग रस्ता रुंद झाला, गल्लीची एक बाजू त्यात गेली, आणि दुसऱ्या बाजूला आता काचेची इमारत आहे, जिच्या काचेत समोरची काचेची इमारत दिसते. आण्णांचे इतर फोटो होते. लग्नातला होता, ओळखपत्रावरचा होता, भिंतीवर हार घातलेला होता. पण स्वतःच्या जागी, स्वतःसारखे बसलेले आण्णा फक्त त्या मॅपमध्ये होते; आणि तो मॅप फक्त एका संगणकात होता. कॅफेतला पहिला, मोतिया रंगाच्या पेटीचा संगणक, गणराजच्या मोशीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या कापडाखाली.

इथे वाचकाच्या मनात येईल ते बंटीच्याही मनात आले असते. कारखान्यात कुणाचीही फाइल हरवली की गणराजचा पहिला प्रश्न ठरलेला: “बॅकअप घेतला होता का?” हा प्रश्न तो अशा स्वरात विचारी की समोरच्याला फाइलपेक्षा स्वतःची लाज वाटे. मग त्याने स्वतः का घेतला नाही? घेतला होता. सीड्यांवर घेतला होता, आणि दमट कपाटात त्या सीड्यांवर बुरशीने आपले नकाशे काढले. नंतर मात्र त्याने प्रत काढणेच सोडले. नव्या यंत्रावर ती गल्ली चालवून पाहिली तेव्हा रंग बदलले, सावल्या गेल्या, आण्णांचा चेहरा पिवळा पडला. त्या दिवसापासून त्याचे ठाम मत झाले की ती गल्ली त्याच पेटीत, त्याच पंख्याच्या घरघरीत खरी. दुसरीकडे नेली की ती सोंग होते. जगाला पुनःपुन्हा बजावलेला नियम माणूस स्वतःला लावत नाही, त्याला आपल्याकडे तत्त्वनिष्ठा म्हणतात.

चाकणच्या त्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी असे. गुरुवारी दुपारी गणराज कापड काढी, बटन दाबी आणि गल्लीत शिरे. बंदूक पाठीला. कोपऱ्यापासून कॅफेपर्यंत चालत जायचे, आण्णांसमोर थोडे थांबायचे, परत फिरायचे. आई मागे खुर्ची घेऊन बसे. रुक्मिणीबाई सत्तरीच्या पुढच्या. परभणी सुटून तपे झाली तरी बोली सुटलेली नव्हती.

“एवढी मोठी गल्ली अन् माणूस न्हाई एक,” त्या म्हणत.

“माणसं खेळायला आली की दिसतात, आई.”

“मग बोलव की.”

यावर गणराज खेळातल्या गल्लीत पुढे चालू लागे. बोलावण्यासाठी माणसे लागतात, हे त्यांना कसे सांगावे?

अशाच एका गुरुवारी पेटीतला पंखा अडला म्हणून त्याने ती उघडली होती. पुसायला चिप बाहेर काढली, आणि आईने विचारले की बाबा, हे काय. मग त्याने चिप तळहातावर ठेवून नेहमीचे व्याख्यान दिले. सोसायटीतले सगळे अडाणी आहेत. ते पेटीला सीपीयू म्हणतात. “सीपीयू हा. हा एवढासा. सगळं हाच करतो. बाकीची पेटी म्हणजे नुसता पत्रा.” रुक्मिणीबाईंनी चष्मा वर करून ते मन लावून पाहिले. मुलाने सांगितलेले त्या विसरत नसत. आयुष्यात गणराजला एवढाच एक मन लावणारा विद्यार्थी मिळाला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीने जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या संकलनाची मोहीम ठेवली. सोसायटीच्या मोहिमा रविवारीच असतात, आणि गणराजची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे तिथल्या कुठल्याच सोहळ्यात त्याला कुणी पाहिले नव्हते. गॅलरीतल्या त्याच्या अडगळीबद्दल मात्र तक्रारी होत्या. मेलेले मॉनिटर, दात पडलेले कीबोर्ड, तीन प्रिंटर. हे सगळे देऊन टाकायला त्याने एकदाची संमती दिली होती. एक संगणक सोडून.

सकाळी कंपनीची बस तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे अडकलेली असताना आईचा फोन आला.

“आले बघ ते न्यायला. चांगली पोरगी हाय. काय काय देऊ रे?”

चारही बाजूंनी हॉर्न वाजत होते. गणराजला वाटले, आता आईला कॅबिनेट म्हणावे तर ती लाकडी कपाटाकडे जाईल. मोतिया पेटी म्हणावे तर मॉनिटरही मोतियाच आहेत. तेव्हा जग म्हणते तसेच म्हणावे. पहिल्यांदाच त्याने जगाशी तडजोड केली.

“सीपीयू ठेव, आई. बाकीचं सगळं जाऊ दे.”

“सीपीयू तेवढा ठेवते. बाकीचं जाऊ दे म्हन्तोस?”

“हो. जाऊ दे.”

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गॅलरी धुतलेली होती. कोपऱ्यात तुळशीची कुंडी सरकवून ठेवली होती, आणि जिथे मोतिया पेटी होती तिथे फरशीचा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता.

“आई, पेटी कुठाय?”

“कोन्ती पेटी?”

“जुनी. आण्णांची.”

“तो पत्रा? नेला की तिनं.” रुक्मिणीबाई लगबगीने देवघराकडे गेल्या आणि कुंकवाचा जुना करंडा घेऊन आल्या. आत कापसावर ती चिप होती. “हा घे तुझा सीपीयू. ती पोरगी म्हनाली, आजी, अख्खी पेटीच ठेवायची आसंल. मी म्हनलं, न्हाई बाई, सीपीयू म्हंजे पेटी न्हवं. पेटी म्हंजे पत्रा. खोल ती, मी दाखिवते. खोलली, अन् मी बोट ठिवलं बरोब्बर. सगळे बघत राहिले. ते सेक्रेटरीसुद्धा.”

करंडा त्याच्या हातात देऊन त्या शाबासकीची वाट पाहत उभ्या राहिल्या. शिष्याने गुरूचा शब्द अक्षरशः पाळावा आणि गुरूने नेमका त्याच दिवशी अडाण्यांच्या भाषेत बोलावे, ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरी घडली असती तर त्याने ती बंटीला आठवडाभर ऐकवली असती.

“बरं केलंस,” तो म्हणाला.

मोहिमेच्या पत्रकावरच्या क्रमांकावर त्याने आतल्या खोलीतून फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळाले: माल चिखलीच्या गोदामात आहे, वर्गीकरण चालू आहे, बुधवारी दुपारी या, सापडले तर पाहू. सापडले तर, या दोन शब्दांवर माणूस दोन दिवस काढू शकतो. त्याने काढले. पण सोमवारी संध्याकाळी राहवले नाही, म्हणून संघर्षला फोन केला. संघर्ष हिंजवडीत मोठ्या पदावर होता. दोघांमध्ये अंतर एका शहराचे, आणि भेट होऊन किती वर्षे झाली हे आठवायचे दोघांनीही सोडून दिले होते.

“बोल राव. आज कसा काय रस्ता चुकलास?”

“रस्ता तुझा अडलाय वाटतं. हॉर्न ऐकू येतायत.”

“अडलाय म्हणजे काय, भावा. मघापासून एकाच टेंपोची पाठ वाचतोय. आईचा आशीर्वाद. खाली फोन नंबर. तोही पाठ झाला. बोल.”

“तुझ्याकडे आपल्या गल्लीची फाइल आहे का?”

“कसली फाइल? जागेची भानगड आहे काय काही?”

“मॅप. आपण केला होता तो.”

“हां, तो होय. अरे, काय येडे होतो आपण. नाही रे. तो कॉम्प्युटर लग्नाच्या आधीच गेला माझा.”

“सीडी असेल कुठं?”

“असली तरी लावायची कशात? माझ्या पोरीला परवा सीडी सापडली. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला.” संघर्ष हसला. “कशाला हवाय पण? एआयला फोटो दे, पाच मिनिटांत गल्ली उभी करतो. माणसंसुद्धा घालतो हवी तेवढी.”

“फोटो त्यातच होते.”

“मग नुसतं सांग त्याला. इथं गिरणी, इथं दुकान. करतो तो अंदाजे.”

“अंदाजे नकोय मला.”

“तुझं हेच, राव. पहिल्यापासून हेच.” आवाजात चेष्टा नव्हती. “आण्णा होते ना त्यात? भिंतीवर?”

“होते.”

“एकदा माझी गोळी लागली होती त्यांना. भर पावसात चहा आणायला लावलात मला. भेटू रे एकदा. दिवाळीत नक्की. हां, सुटला बघ सिग्नल, ठेवतो.”

‘भेटू एकदा’ याचा मराठीतला अर्थ ‘आता भेट नाही’ असा होतो. कोशकारांनी तो अद्याप नोंदवलेला नाही, कारण कोशकारांनाही मित्र असतात.

बुधवारी खंडेनवमी होती. कारखान्यात सकाळपासून झेंडूचे ढीग पडले. प्रेसला हार, लेथला हार, फोर्कलिफ्टच्या दातांना हार. दरवर्षी गणराज सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभा राहून एकाच गोष्टीवर पहारा देई: यंत्राला कुंकू लावायचे नाही, भुकटी आत जाते. त्या दिवशी बंटी ताट घेऊन आला, सवयीने दारातच थांबला, तेव्हा गणराज खिडकीतून पार्किंगकडे पाहत होता.

“सर, लांबूनच ओवाळू का?”

“लाव तुला काय लावायचं ते.”

बंटीने ताट खाली ठेवले. “सर, बरं नाही का?”

“मी निघतो. अर्धी सुट्टीच आहे आज.”

चिखलीचे गोदाम म्हणजे पत्र्याचे उंच छप्पर आणि त्याखाली डोंगर. कीबोर्डांचा डोंगर, वायरींचा डोंगर, टीव्हींच्या काचांचा डोंगर. गणराजने आयुष्यभर ज्या गोष्टींवर प्रेम केले त्या सगळ्या तिथे वजनावर होत्या. दाराला इथेही झेंडूचे तोरण होते, आणि भिंती फोडायच्या मोठ्या ड्रिल मशीनला कुणीतरी हळद-कुंकू वाहून ठेवले होते. केशरी हातमोजे घातलेली एक मुलगी पुढे आली. तिच्या गळ्यातल्या कार्डावर करिष्मा असे नाव होते.

“मोशीचा रविवारचा लॉट ना, सर? फोन तुमचाच होता? पेटी आहे. या.”

पेटी होती. मोतिया, दर्शनी भागावर सरस्वतीचे अर्धे निघालेले चित्र, जे आण्णांनी चिकटवले होते. गणराजने गुडघ्यावर बसून बाजूचा पत्रा सरकवला. चिपची जागा रिकामी होती, ते त्याला ठाऊकच होते. त्याखाली, जिच्यात गल्ली साठवलेली होती त्या हार्ड डिस्कचीही जागा रिकामी होती.

“डिस्क?”

“डिस्क आम्ही पहिल्या दिवशीच काढतो, सर. लोकांना भीती असते ना, आपले फोटोबिटो कुणाच्या हाती लागतील. म्हणून भोक पाडूनच पुढे पाठवतो.” तिने एका क्रेटकडे हात केला. आत डिस्क रचलेल्या होत्या, शेकड्यांनी, आणि प्रत्येकीच्या मधोमध सारख्याच मापाचे स्वच्छ भोक. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. “तुम्हालाही मेसेज आला असेल. तुमची माहिती सुरक्षितपणे नष्ट केली आहे, असा.”

“आला असेल.”

“काही महत्त्वाचं होतं का?” मुलीने खरोखरच्या काळजीने विचारले. “बॅकअप घेतला नव्हता का, सर?”

हे वाक्य गणराजने हजारदा उच्चारले होते. ऐकायला कसे लागते ते त्याला त्या दिवशी कळले. त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिला उमगले नसावे.

“तुमच्या आई भारी आहेत पण,” ती त्याला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. “आम्ही इतक्या सोसायट्या फिरतो. सगळे पेटीलाच सीपीयू म्हणतात. इंजिनिअर लोकसुद्धा. सीपीयूला सीपीयू म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. मी विचारलं, आजी, कुणी शिकवलं? म्हणाल्या, माझ्या मुलानं.”

मोशीला घरी पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. देवघरासमोर रुक्मिणीबाईंनी पाट मांडला होता. त्यावर विळी, अडकित्ता, कात्री, आण्णांचा कारखान्यातला पाना, गणराजचे लहानमोठे स्क्रूड्रायव्हर, सगळे धुऊन ओळीने ठेवलेले, आणि मधोमध करंड्यात ती चिप. सगळ्यांना गंध-फूल झाले होते. चिप तेवढी कोरडी होती.

“हातपाय धू अन् ये,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठी थांबले. दरसाली वरडतोस, कुंकू आत जातं म्हणून. ह्याला लावू का न्हाई?”

चिपच्या खालच्या बाजूच्या बारीक पिनांतली एक वाकली होती. कुंकू गेले की उरलेल्याही गंजतील, हे त्याला दिसत होते.

“लाव.”

त्यांनी करंगळीने टिकली लावली, झेंडूची एक पाकळी वर ठेवली, हात जोडले. मग हात तसेच ठेवून, त्याच्याकडे न पाहता विचारले, “ह्याच्यातच हायत ना आण्णा? तू म्हनला होतास, सगळं हाच करतो.”

वीज गेल्यावर प्रोसेसरमध्ये काय उरते? संगणकाच्या साऱ्या अवयवांत सर्वांत हुशार आणि सर्वांत विसराळू हाच. वीज तुटली की त्याला कालचे काही ठाऊक नसते, मघाचेही नाही. याचे बरोबर उत्तर दोन शब्दांचे होते, आणि चुकीचे उत्तर देणाऱ्या माणसाला गणराजने आजवर कधी दारातून आत घेतले नव्हते.

“हो,” तो म्हणाला. “ह्यातच आहेत.”

“मग दिसतील कधी?”

“त्याला तसली जुनी पेटी लागते, आई. शोधतो मी.”

“शोध सावकाश. पेट्या काय, पैशाला पासरी.” त्यांनी निरांजन त्याच्या हातात दिले. त्याने ओवाळले. मग त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या, आणि गुरुवार नसताना, पडदा नसताना, बोलू लागल्या. “स्टेशनकडून आलं की कोपऱ्यावर गिरनी. डाव्या हाताला. दळान टाकून मी भाजी घ्यायले जायची. मग आंबूबाईचं दुकान. ती सदा भांडायची नवऱ्यासंगं, आठवतं का? गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी अर्धी चढवायची अन् मधीच उठून भांडून यायची. मग तो सायकलवाला. त्याचं पोरगं रडकं. अन् मग आपलं.”

संघर्षच्या फोटोत अंबूबाई भांडत नव्हती. तिचे दुकान होते, ती नव्हती. सायकलवाल्याचे पोरही नव्हते. फोटो काढताना संघर्षने सगळ्यांना हाकलले होते. आईच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती.

पण गिरणी उजव्या हाताला होती. स्टेशनकडून येताना उजव्या हाताला, निळ्या पत्र्याची, दारात पिठाचा पांढरा पट्टा. गणराजने तोंड उघडले. आपल्याला चूक सांगण्याची सवय आहे आणि बरोबर सांगायला आता पुरावा नाही, हे दोन्ही एकदमच त्याच्या लक्षात आले. गिरणी उजव्या हाताला होती, हे या घडीला जगात फक्त एका माणसाला माहीत होते, आणि तो माणूस गप्प बसला.

“मग?” आई म्हणाली. “तू येनार का न्हाई आत?”

“येतो की.” त्याने निरांजन पाटाजवळ ठेवले. “चपला कुठं काढू?”

“दारातच काढ. आण्णा बसलेत न्हाई का तिथं?”